फ्रोझन शोल्डर: व्यायाम किती ताणायचा, इंजेक्शन कधी घ्यायचे

खांदा आखडला की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात: दुखले तरी हात वर ने, नाहीतर कायमचा धरेल. फ्रोझन शोल्डरच्या पहिल्या काही महिन्यांत हा सल्ला फार महागात पडतो. या आजारात कोणता व्यायाम करायचा हे ठरवण्याआधी खांदा सध्या किती चिडलेला आहे हे बघावे लागते. तोच व्यायाम, तेवढाच ताण, एका टप्प्यात उपयोगी पडतो आणि दुसऱ्या टप्प्यात रात्रीची झोप उडवतो.

आत काय होते ते थोडक्यात. खांद्याच्या सांध्याभोवती एक सैल आवरण असते. ते आधी सुजते आणि मग जाड, ताठ होत आक्रसते. निरोगी सांध्यात १५ ते ३० मिलीलीटर द्रव मावतो, आक्रसलेल्या सांध्यात अनेकदा १० मिलीलीटरही मावत नाही. सर्वात जास्त घट्ट होतो तो आवरणाचा पुढचा-वरचा भाग आणि तिथला कोराकोह्युमरल अस्थिबंध. हात बाहेर फिरवताना नेमका हाच भाग ताणला जातो, म्हणून ती हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त अडते. या ऊतींमध्ये सापडणाऱ्या पेशी तळहाताची बोटे आत ओढणाऱ्या ड्युप्युट्रेन आजारातल्या पेशींसारख्या दिसतात. म्हणजे सूज ओसरल्यावरही व्रणासारखी ताठ ऊती मागे राहते, आणि ती सैल व्हायला महिने लागतात.

आधी खात्री: हा फ्रोझन शोल्डरच आहे का?

खुर्चीत ताठ बसा. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवून काटकोनात वाकवा, अंगठे वर. आता दोन्ही हात दारासारखे बाहेर उघडा. दुखऱ्या बाजूचा हात चांगल्या बाजूच्या निम्म्यावरच थांबला तर पुढची पायरी करा: दुसऱ्या कुणाला तरी तो हात हळूच बाहेर न्यायला सांगा, स्वतः अजिबात जोर लावू नका. दुसऱ्याने नेऊनही तो तिथेच अडत असेल, तर आवरण आक्रसल्याची शक्यता बळावते.

दुसऱ्याने नेल्यावर हात सहज बाहेर जातो, पण स्वतः उचलताना ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यातच कळ येते, किंवा हातात जोरच राहत नाही, तर दोष बहुतेक रोटेटर कफच्या, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंच्या, कंडरांमध्ये असतो. त्याचे उपचार वेगळे आहेत, त्याकडे शेवटी येऊ. दुखणे मानेतून निघून कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या घेऊन जात असेल, तर आधी मान तपासायला हवी.

एक्स-रे मात्र टाळू नका. फ्रोझन शोल्डरमध्ये तो साधारण नॉर्मलच येतो, आणि त्यासाठीच तो काढायचा असतो. सांध्याची झीज आणि मागच्या बाजूला निखळलेला खांदा या दोन्हींतही हात बाहेर फिरत नाही. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा असा मागे निखळू शकतो आणि नुसत्या तपासणीत तो सहज नजरेतून सुटतो. ताप, लाली, सूज, गाठ, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा पडल्यानंतर अचानक हात न उचलणे यांपैकी काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. खांद्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर थेट तातडीच्या विभागात.

वय ४० ते ६० च्या दरम्यान असेल आणि साखर कधी तपासलेली नसेल, तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. सर्वसाधारण लोकांत हा आजार २ ते ५ टक्क्यांना होतो असे मानतात, मधुमेहींमध्ये प्रमाण कितीतरी जास्त आहे आणि त्यांचा खांदा मोकळा व्हायलाही जास्त वेळ लागतो.

खांदा किती चिडलेला आहे

वेदनेला ० ते १० पैकी गुण द्या. ७ किंवा जास्त, बसल्या जागी आणि रात्रीही ठणका, आणि हात अडण्याच्या आधीच कळ येते: हा फार चिडलेला खांदा. ४ ते ६, ठणका अधूनमधून, कळ हालचालीच्या टोकाला येते: मध्यम. ३ किंवा कमी, रात्री शांत, टोकाला नेऊन वर थोडा दाब दिला तरच दुखते: शांत खांदा. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना याच वर्गवारीवर उभ्या आहेत. 'किती महिने झाले' यापेक्षा ही वर्गवारी जास्त कामाची, कारण टप्प्यांचा कालावधी माणसागणिक खूप बदलतो.

फार चिडलेल्या खांद्याला ताण १ ते ५ सेकंदांचाच आणि वेदना सुरू होण्याच्या अलीकडे थांबून. मध्यम असेल तर ५ ते १५ सेकंद, ताण जाणवेल पण सोडल्यावर लगेच विरेल इतका. शांत खांद्याला टोकापर्यंत नेऊन ३० सेकंद धरता येते. प्रत्येक व्यायाम ५ ते १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. एकदाच तासभर करण्यापेक्षा दहा मिनिटांचे तीन भाग खांद्याला जास्त मानवतात.

चूक झाली की नाही हे कळायला सोपी खूण आहे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे अर्ध्या-एक तासात पूर्वीवर यायला हवे. त्या रात्री झोप मोडली किंवा दुसऱ्या सकाळी हात आणखी कमी फिरला, तर ताण जास्त झाला. मग व्यायाम बंद करू नका, धरण्याचा वेळ निम्मा करा.

व्यायाम

*हात बाहेर फिरवणे.* सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकीचा केला जाणारा. उताणे झोपा, गुडघे वाकवा. दुखऱ्या दंडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे कोपर गादीकडे न झुकता छातीच्या पातळीत राहील. कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये दुसरा छोटा टॉवेल धरा. दोन्ही हातांत साधारण एक मीटरची काठी आडवी घ्या आणि चांगल्या हाताने ती दुखऱ्या बाजूला ढकला. दुखऱ्या हाताने काहीच करायचे नाही, त्याला नुसते बाहेर जाऊ द्यायचे. मधला टॉवेल निसटला याचा अर्थ कोपर बरगडीपासून सुटले आणि सांध्याऐवजी नुसता दंड सरकला. धड त्या बाजूला वळत असेल तरीही तेच. कोन दहा अंशांनी कमी दिसला तरी चालेल, कोपर जागेवर हवे.

*हात वर नेणे.* उताणेच. चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचे मनगट धरून हात डोक्याकडे न्या. कंबर गादीवरून उचलली गेली तर हात जास्त वर गेल्यासारखा वाटतो, पण ती वाढ पाठीची असते. उभे राहून करताना खांदा कानाकडे उचलला जातो, म्हणून सुरुवात झोपूनच करावी.

*छातीवरून आडवा ओढणे.* चांगल्या हाताने दुखरे कोपर धरून समोरच्या खांद्याकडे ओढा. हेही उताणे झोपून केले तर पाठीचे खवाटे अंगाखाली दाबले जाते आणि ताण सांध्याच्या मागच्या आवरणावर येतो.

*पाठीमागे हात नेणे.* टॉवेलचे एक टोक चांगल्या हाताने खांद्यावरून मागे सोडायचे, दुसरे दुखऱ्या हाताने कमरेमागे धरायचे आणि वरच्या हाताने हळूहळू ओढायचे. खांदा फार चिडलेला असताना हा करूच नये. मागचे बटण लावता येत नाही म्हणून लोक नेमका हाच आधी सुरू करतात आणि दुखणे वाढवून बसतात.

हे चारही दिशांचे ताण घरी नियमित करणाऱ्या रुग्णांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९० टक्के रुग्णांना समाधानकारक फायदा झाला होता. पेंडुलम, म्हणजे वाकून टेबलाचा आधार घेऊन हात सैल झुलवणे, ठणक्याच्या दिवसांत आराम देते. आखडलेपणा त्याने फारसा सुटत नाही. झोका धडाच्या हालचालीतून यावा, खांद्याच्या स्नायूंनी हात फिरवू नये.

प्रगती रोज मोजू नका, निराशा येईल. दोन आठवड्यांतून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी काठीच्या व्यायामात डोक्याच्या बाजूने फोटो काढून ठेवा.

रात्रीसाठी: उताणे झोपताना दंडाखाली उशी द्या, म्हणजे हात मागे लोंबकळत नाही. चांगल्या कुशीवर झोपताना उशी कवटाळून दुखरा हात तिच्यावर ठेवा.

इंजेक्शन

सांध्यात दिलेले स्टेरॉइड लवकरच्या, दुखऱ्या टप्प्यात सर्वात जास्त उपयोगी पडते. २०२० मध्ये ६५ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, सुरुवातीच्या काळात या इंजेक्शनचा फायदा इतर उपचारांपेक्षा जास्त दिसला आणि तो सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो असे आढळले. सोबत घरचा व्यायामही हवा, असे त्या अभ्यासकांनी सुचवले. त्याआधी २००३ मध्ये ९३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत इंजेक्शन आणि फिजिओथेरपी मिळालेला गट सहा आठवड्यांना सर्वात पुढे होता, वर्षअखेर मात्र सगळे गट जवळपास सारखेच. यातून आमचे मत असे की इंजेक्शन घ्यायचे तर दुखणे ऐन भरात असताना घ्यावे. वर्षभर सोसून, ठणका थांबल्यावर घेतलेल्या इंजेक्शनला शमवायला फारशी सूज उरलेलीच नसते.

ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड बहुधा ४० मिलिग्रॅम देतात. २० मिलिग्रॅमशी तुलना केली तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही, म्हणून मधुमेहींनी कमी मात्रेबद्दल जरूर विचारावे. त्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस चढते. त्या आठवड्यात ती जास्त वेळा तपासायची आणि औषधाचे काय करायचे ते आधीच ठरवून ठेवायचे. पहिले एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते. ते ओसरले की लगेच ताण सुरू करा, कारण वेदना कमी असलेले हेच आठवडे हालचाल मिळवण्याचे असतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही आराम पडतो, पण तो सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही.

भूल देऊन हात फिरवणे आणि शस्त्रक्रिया

ब्रिटनमधली 'यूके फ्रॉस्ट' चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ५०३ रुग्ण, तीन गट: भूल देऊन हात फिरवणे, दुर्बिणीने आवरण कापणे, आणि इंजेक्शनसह १२ आठवड्यांत १२ सत्रांपर्यंत फिजिओथेरपी. वर्षानंतर तिघांत रुग्णाला जाणवेल असा ठळक फरक निघाला नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गंभीर गुंतागुंत जास्त होती. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करायचा तो बाकीचे उपाय नीट, पुरेसा वेळ करून झाल्यावर.

'काही केले नाही तरी दोन वर्षांत पूर्ण बरा होतो' हेही खरे नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात सरासरी सव्वाचार वर्षांहून अधिक काळानंतरही ४१ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास उरला होता, बहुतेकांना सौम्य.

रोटेटर कफचे दुखणे असेल तर

इथे आवरण मोकळे असते, त्यामुळे ताणण्यावर भर नको. कंडरांवर हळूहळू भार वाढवणारे व्यायाम लागतात. खर्चिक कार्यक्रमच हवा असे नाही. २०२१ च्या 'ग्रास्प' चाचणीत ७०८ रुग्णांपैकी सहा सत्रांपर्यंत व्यायाम शिकलेले आणि एकाच सत्रात नीट सल्ला मिळालेले, दोघे वर्षभरात सारखेच सुधारले. खांद्याच्या टोकाखालचे हाड घासून जागा वाढवण्याची शस्त्रक्रिया २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत नुसती दुर्बीण घालून पाहण्यापेक्षा सरस ठरली नाही. ती सुचवली गेली, तर आधी किमान तीन महिने भाराचे व्यायाम झाले आहेत का ते बघा.