जुन्या लोहमार्गावरून सायकलने पिट्सबर्ग ते कंबरलँड : सहलीची आखणी कशी करावी

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या राज्यांच्या डोंगराळ भागातून जाणारा ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ हा पिट्सबर्ग ते कंबरलँड असा २४१ किलोमीटरचा सायकलमार्ग मुख्यतः बंद पडलेल्या लोहमार्गांच्या जागेवर तयार झाला आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९७५ मध्ये इथली आपली वाहतूक थांबवली, १९८६ मध्ये ओहायोपाइल गावाजवळ या मार्गाचा पहिला तुकडा सायकलींसाठी खुला झाला आणि २०१३ मध्ये पिट्सबर्गपर्यंतचे काम पूर्ण झाले. मार्गावर मोटारींना बंदी आहे आणि शुल्क काहीही नाही. पिट्सबर्ग किंवा वॉशिंग्टनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, तसेच मुलांकडे काही आठवड्यांसाठी गेलेल्या सायकलप्रेमी आईवडिलांनाही हा प्रवास झेपण्यासारखा आहे. मात्र त्याची आखणी रस्त्यावरच्या घाटाच्या हिशेबाने करू नये.

आधी चढ समजून घ्या

लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड फारच कमी असते, त्यामुळे रेल्वेचे अभियंते डोंगरावर सरळ चढत नाहीत. ते नदीच्या काठाने वळसे घेतात, दऱ्यांवर पूल टाकतात, खिंडी फोडतात आणि अगदीच नाइलाज झाला तर बोगदा खणतात. आपल्या भोर घाटातला ३७ मीटरला १ मीटर हा चढ रेल्वेच्या दृष्टीने इतका तीव्र आहे, की तिथे गाडीला कर्जतपासून मागून जादा इंजिने लावावी लागतात. अ‍ॅलेगेनीच्या या मार्गावर सर्वांत उंच जागा ७२९ मीटरवर आहे. ती ओलांडली, की पावसाचे पाणी मेक्सिकोच्या आखाताऐवजी अटलांटिककडे वाहू लागते. पिट्सबर्गकडून तिथपर्यंतचे अंतर सुमारे २०३ किलोमीटर आहे आणि एवढ्या अंतरात निव्वळ चढ जेमतेम ५१० मीटरचा, म्हणजे सरासरी ४०० मीटरला १ मीटर भरतो. कंबरलँडच्या बाजूने मात्र तीच उंची अवघ्या ३८ किलोमीटरमध्ये गाठायची असल्याने चढ ७० मीटरला १ मीटरच्या आसपास जातो. हाही घाटरस्त्याच्या मानाने सौम्यच आहे, पण तो कुठेही सुटत नाही. घाटात चढानंतर उतार येतो आणि पायांना विसावा मिळतो. इथे तसा विसावा नाही, सतत पेडल मारावे लागते. म्हणून दिवसाचा अंदाज बांधताना उंचीपेक्षा अंतर आणि मार्गावरच्या खडीची अवस्था या दोन गोष्टींकडे जास्त लक्ष द्यावे.

दिशा आणि मुक्काम ठरवा

कंबरलँडहून निघाल्यास पहिल्या दिवशी चढ संपतो आणि पुढे सगळा हलका उतार मिळतो, म्हणून पुष्कळ जण ती दिशा निवडतात. माझे मत उलट आहे. पिट्सबर्गकडून येणारा चढ इतका विरळ आहे, की त्यातला बराचसा भाग जाणवतही नाही. त्या बाजूने उतरण्याचे सुखही तितकेच विरळ असते. पूर्वेकडचा ३८ किलोमीटरचा उतार शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला, तर त्याचा खरा आनंद मिळतो. शिवाय मार्गावरचे मैलाचे खांब कंबरलँडपासून शून्याने सुरू होतात, त्यामुळे पिट्सबर्गहून येणाऱ्याला किती अंतर उरले ते न मोजता समजते.

नवख्या माणसाने चार दिवस धरावेत. पहिल्या दिवशी शहराबाहेर पडून नद्यांच्या काठाने वेस्ट न्यूटनपर्यंत सुमारे ५८ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी कॉनेल्सव्हिलमध्ये जेवण करून ओहायोपाइलपर्यंत ६७, तिसऱ्या दिवशी कॉन्फ्लुअन्स आणि रॉकवुड मागे टाकून मायर्सडेलपर्यंत ६५ आणि चौथ्या दिवशी कंबरलँडपर्यंत ५१ किलोमीटर, अशी विभागणी सोयीची पडते. रोज ८० किलोमीटर चालवण्याची सवय असलेल्यांना तीन दिवस पुरतात. वाटेतली गावे लहान आहेत. आठवड्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात पाने रंगतात तेव्हा खोल्या आधीच भरतात, त्यामुळे मुक्काम ठरवल्याशिवाय निघू नये. कॉनेल्सव्हिलच्या पुढे, विशेषतः कॉन्फ्लुअन्स ते मायर्सडेल या भागात, मोबाइलला सलग संपर्क मिळेलच असे नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि गाव दिसेल तिथे पाणी भरून घ्यावे.

सायकल निवडा

शहरांजवळचे पक्के तुकडे सोडले, तर मार्गावर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली आहे. कोरड्या दिवसांत ती सायकल चालवायला डांबरी रस्त्यापेक्षा थोडीच कमी सोयीची असते. यासाठी महागडी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खास खडीच्या वाटांसाठीची सायकल, घ्यायलाच हवी असे नाही. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली साधी हायब्रिड, म्हणजे पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी सायकल, पुरते. २५ मिलिमीटरचे रेसिंग टायर मात्र ओल्या खडीत रुततात. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली तर हादरे कमी बसतात. पावसानंतर चुनखडीचा पांढरा चिखल साखळीला आणि ब्रेकला चिकटतो आणि वाळल्यावर घासायला लागतो, म्हणून मडगार्ड असावेत आणि मुक्कामाला पोहोचताच साखळी पुसून तेल द्यावे. सामान पाठीवर न घेता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत विभागावे.

सायकल तिथे भाड्याने घेणाऱ्या भारतीय पाहुण्यांनी एक गोष्ट निघण्यापूर्वी तपासावी. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, अमेरिकेत तो डाव्या हाताला असतो. उतारावर घाईत चुकीचा ब्रेक दाबला, तर खडीवर पुढचे चाक घसरते. दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटे फिरून हाताला सवय करावी. तसेच तिथे उजव्या बाजूने चालायचे आणि घंटा वाजवून डावीकडून पुढे जायचे असते, आपल्या सवयीच्या नेमके उलट.

बोगदे आणि हंगाम

मायर्सडेलच्या अलीकडे सॉल्सबरी व्हायाडक्ट हा सुमारे ५८० मीटर लांबीचा पूल कॅसलमन नदी, महामार्ग आणि आजही चालू असलेला लोहमार्ग हे तिन्ही एका दमात ओलांडतो. सर्वोच्च जागेनंतर लगेच बिग सॅव्हेज बोगदा येतो. त्याची लांबी एक किलोमीटरच्या किंचित वर आहे आणि आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा हवाच. हा बोगदा हिवाळ्यात, साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बंद ठेवतात आणि त्या डोंगरावरून सायकलीला सोयीचा पर्यायी रस्ता नाही. तारखा ठरवण्याआधी बोगदा उघडला आहे का, याची खात्री करून घ्यावी. एप्रिलात बोगदा उघडला तरी बर्फ वितळून खडी मऊ पडलेली असते, म्हणून मे ते ऑक्टोबर हा काळ उत्तम.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे दोन राज्यांची सीमा, लागते आणि मग फ्रॉस्टबर्ग. गाव मार्गापेक्षा उंचावर असल्याने जेवायला तिथे जायचे तर नागमोडी, खडा चढ चढावा लागतो. पुढे कंबरलँडपर्यंत पर्यटकांसाठी चालवल्या जाणाऱ्या रेल्वेचा रूळ शेजारून जातो आणि ब्रश बोगद्यात तर रूळ आणि सायकलमार्ग दोन्ही एकत्र आहेत. गाडी येत असेल तर बाहेर थांबून ती जाऊ द्यावी.

मार्ग सोडून डोंगरात जायचे असेल तर

लोहमार्गाने सांभाळलेली समतलता सोडली, की खरी टेकडी भेटते. ओहायोपाइलहून काही किलोमीटरवर असलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावर रचलेले घर पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण तिथे जाणारा रस्ता चढउतारांचा आणि वाहनांचा आहे, तिकीटही आगाऊ काढावे लागते. त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा आणि सामान मुक्कामावर सोडून जावे.

ज्यांना खडीच्या रानवाटांचीच हौस आहे, त्यांनी मायर्सडेलला एक दिवस जास्त राहून माउंट डेव्हिसकडे वळावे. ९७९ मीटर उंचीची ही जागा पेनसिल्व्हेनियातील सर्वांत उंच आहे आणि गावापासून अंदाजे १५ किलोमीटरवर फोर्ब्स राज्य वनात आहे. वनातल्या कच्च्या रस्त्यांवर खडी मोठी व सुटी असते, चढ रेल्वेचे कोणतेही नियम पाळत नाहीत. इथे ४० मिलिमीटरच्या वरचे टायर आणि लहान गिअर लागतात. शिकारीच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट घालावे.

परतीची सोय

अ‍ॅमट्रॅकची (अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेची) गाडी कंबरलँड, कॉनेल्सव्हिल आणि पिट्सबर्ग या तिन्ही ठिकाणी थांबते. सायकलीसाठी वेगळे आरक्षण करावे लागते आणि जागा थोड्या असतात, म्हणून मुक्कामाच्या खोल्यांच्याही आधी हे तिकीट काढावे. ते न मिळाल्यास सायकलींसह प्रवाशांना पोहोचवणाऱ्या खासगी गाड्या आहेत.

कंबरलँडहून वॉशिंग्टनपर्यंत पुढे जायचे असेल, तर तिथूनच जुन्या कालव्याच्या काठाची २९७ किलोमीटरची वाट सुरू होते. मात्र ती मुख्यतः मातीची आहे. पावसानंतर तिथे टायर अडकतात आणि झाडांची मुळे वर आलेली असतात. वाटेतल्या पॉ पॉ बोगद्यात दिवे नाहीत, त्यामुळे तिथे विजेरी लावून सायकल हातात धरून चालत जावे. पिट्सबर्ग ते कंबरलँड चार दिवसांत केलेल्या माणसाने या वाटेसाठी किमान पाच दिवस राखावेत आणि पावसाचा अंदाज असेल तर सहा.