कायद्याची पदवी हातात आली, आता पहिली नोकरी कशी शोधायची?

निकाल लागला की बहुतेक जण आधी बायोडेटा सजवायला बसतात. ते काम चार दिवसांनी केलं तरी बिघडत नाही. आधी परवान्याच्या तारखा एका कागदावर मांडा, कारण अर्ज वाचणाऱ्याला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यायचं असतं की ही व्यक्ती कोर्टात उभी कधी राहू शकेल.

वेळापत्रक देशागणिक बदलतं. अमेरिकेत बार परीक्षा फेब्रुवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा होते आणि निकालाला काही आठवडे ते काही महिने लागतात. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आली. तिच्या जोडीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, पण तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून भरता येतो. म्हणून लॉ क्लिनिकमध्ये, म्हणजे विद्यार्थी लोकांना कायद्याचा मोफत सल्ला देतात त्या केंद्रात, काढलेल्या महिन्यांची नोंद आणि सही तेव्हाच घेऊन ठेवा. भारतात राज्य बार कौन्सिलची सनद मिळाली तरी अखिल भारतीय बार परीक्षा वेगळी द्यावी लागते. शिवाय बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ आहे: पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. कंपनीच्या लीगल विभागात रुजू व्हायचं आणि जोडीला कोर्टातही जायचं, असा बेत इथे कोसळतो आणि तोही बहुतेकदा रुजू झाल्यावर.

ही स्थिती बायोडेटात नावाखालीच एका ओळीत लिहा. परीक्षा दिली असेल तर निकाल कधी अपेक्षित आहे तेही लिहा. ती ओळ नसली की वाचणारा वाईटच समजून चालतो.

जागा कुठे असतात

मोठ्या फर्म कॅलेंडरनुसार भरती करतात, अनेकदा पदवीच्या वर्षभर आधी. ती गाडी चुकली असेल तर तिच्यामागे धावण्यात सहा महिने घालवू नका. छोट्या फर्म आणि स्वतंत्र वकील सहसा जाहिरात देत नाहीत. एखादा ज्युनिअर सोडून जातो, एखादं मोठं प्रकरण येतं आणि मग समोर जो दिसेल तो घेतला जातो. म्हणजे त्या आठवड्यात तुमचं नाव त्यांच्या इनबॉक्समध्ये असायला हवं.

नावं कुठून काढायची? निवाड्यांमधून. तुम्हाला रस असलेला एकच विषय निवडा. भाडेवाद, कर, कामगार, काहीही. तुमच्या भागातल्या न्यायालयांचे त्या विषयावरचे गेल्या वर्षभरातले निवाडे उघडा. कोणत्या पक्षातर्फे कोण उभं होतं, हे बहुधा सुरुवातीलाच दिलेलं असतं. तीस-चाळीस निवाडे चाळले की तीच दहा-पंधरा नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. ती तुमची यादी. जॉब पोर्टलवर दोनशे ठिकाणी एकच अर्ज टाकण्यापेक्षा या कामाला दोन दुपारी जास्त लागतात, पण उत्तरं इथूनच येतात.

विधी साहाय्य केंद्रं, न्यायाधीशांना संशोधनात मदत करणारे लॉ क्लार्क, न्यायाधिकरणं, नियामक संस्था, निवाड्यांच्या टिपा काढणारे कायद्याचे प्रकाशक या जागाही बघा. लॉ क्लार्कचे अर्ज फार आधी मागवतात.

लेखी नमुना

गुण सगळ्यांच्या गुणपत्रिकेवर असतात. तुम्ही विचार कसा करता, हे फक्त अर्जासोबत जोडलेल्या तुमच्या लिखाणात दिसतं. म्हणून तयारीचा निम्मा वेळ इथे घाला.

पाच ते आठ पानं पुरतात. तीस पानांचा शोधनिबंध कोणी वाचत नाही. तोच द्यायचा असेल तर त्यातला एक भाग काढा आणि वर चार ओळींत संदर्भ सांगा. सगळ्यात उपयोगी पडतं ते एका मुद्द्यावरचं टिपण: प्रश्न काय, थोडक्यात उत्तर काय, तथ्यं, मग चर्चा. आपल्या विरोधात जाणारा निवाडा लपवू नका. तो समोर ठेवून तो इथे का लागू होत नाही, ते सांगा. अनुभवी वकील आधी तोच परिच्छेद शोधतो.

प्रत्येक उद्धृत निवाडा मूळ डेटाबेसमध्ये उघडून वाचा, तो पुढे कुठे फिरवला गेला नाही ना तेही बघा. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात 'माटा विरुद्ध एव्हियांका' प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. तेव्हापासून नवख्याच्या टिपणातले एक-दोन संदर्भ तपासून बघणारे लोक वाढले आहेत, असंच धरून चाला.

इंटर्नशिपमधलं टिपण वापरणार असाल तर त्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि अशिलाची ओळख पुसा. इथे हमखास चूक होते. वर्ड फाइलमध्ये नावावर काळी पट्टी ओढून पीडीएफ केली, तर पट्टी नुसती वर बसते. खालचा मजकूर सिलेक्ट करून दुसरीकडे चिकटवला की नाव समोर. पट्टी ओढूच नका, नाव काढून तिथे 'पक्षकार अ' लिहा. गावाचं नाव, दावा क्रमांक, रक्कम यांवरूनही माणूस ओळखू येतो, तेही बदला. ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट्स काढून टाका, फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव तपासा. गोपनीयता पाळता न येणारा ज्युनिअर कोणालाच नको असतो आणि तुमचा नमुना हाच त्याचा पहिला पुरावा ठरतो.

वर अशी टीप द्या: 'हे टिपण इंटर्नशिपमध्ये लिहिलं असून परवानगीने वापरलं आहे. नावं व तपशील बदलले आहेत. मसुदा माझा; पान ४ वरचे दोन बदल सीनियरनी सुचवले.'

बायोडेटा आणि मेल

बायोडेटा एक पान. 'संशोधनात मदत केली' ही ओळ काही सांगत नाही. तीच अशी लिहा: 'भाडेवादात मुदतीच्या मुद्द्यावर १४ निवाडे काढले, त्यातले ५ लागू होणारे निवडून तीन पानी टिपण दिलं.' मूट कोर्ट (काल्पनिक खटल्यावर युक्तिवाद करायच्या) स्पर्धांची लांबलचक यादी एका ओळीत आणा.

मेल पाच-सहा ओळींचा. उदाहरणार्थ:

'मार्चमधल्या अपिलात आपण भाडेकरूतर्फे मुदतीचा मुद्दा मांडला होता, तो निवाडा वाचला. त्याच कलमावर लिहिलेलं सहा पानी टिपण आणि बायोडेटा सोबत जोडला आहे. १ तारखेपासून पूर्णवेळ काम सुरू करता येईल. येत्या आठवड्यात पंधरा मिनिटं भेटता येईल का?'

आठवड्याला पाचच मेल पाठवा, पण प्रत्येकात निवाडा वेगळा, नाव बरोबर. बाईंना 'सर' लिहिणं आणि एकाच फर्मच्या दोन भागीदारांना शब्दशः तोच मेल पाठवणं, या दोन चुका कार्यालयात बराच काळ हशा पिकवतात. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. एकदाच.

मुलाखत आणि अटी

नमुना पुन्हा वाचून जा. 'दोन मिनिटांत सांगा' आणि 'समोरच्या बाजूने युक्तिवाद करा' हे दोन प्रश्न येणार असं धरून मोठ्याने सराव करा. माहीत नसलेल्या कलमाबद्दल ठोकून देऊ नका. ते कुठे शोधाल ते सांगा. इंटर्नशिपमध्ये कोणकोणत्या प्रकरणांवर काम केलं याची यादी स्वतःजवळ ठेवा, कारण नवी फर्म त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूने असेल तर हितसंबंधांचा पेच होतो. विचारलं तर आधीच्या कार्यालयातल्या कामाबद्दल जे उघड करता येतं तेवढंच सांगा.

पैशाचा विषय काढायला नवे वकील लाजतात आणि काही सीनियरना ते सोयीचंही असतं. महिन्याला किती, कोणत्या तारखेला, मसुदा कोण तपासणार, आठवड्यात कोर्टात किती दिवस, स्वतःचं प्रकरण घेता येईल का, हे पाचही प्रश्न होकार देण्याआधी विचारा. 'आधी काही दिवस येऊन बघा' म्हटलं तर किती दिवस ते ठरवून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त फुकट काम करू नका. बोलणं तोंडीच झालं असेल, तर त्याच संध्याकाळी आभाराच्या मेलमध्ये ठरलेली रक्कम आणि रुजू होण्याची तारीख लिहून पाठवा.