लिलावावर वाद घालायचाय? आधी पाठकोरा कागद काढा

नोव्हेंबर उजाडला की दादरच्या फलाटापासून गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीपर्यंत एकच विषय असतो: मुंबई इंडियन्सने अमक्याला सोडलंच कसं, आणि तमक्यासाठी बोली लावली का नाही. यातले बहुतेक वाद भरकटतात, कारण भांडण होतं ते खेळाडू चांगला की सुमार यावर. आयपीएलच्या लिलावात टेबलावर बसलेला माणूस वेगळंच मोजत असतो. या जागेसाठी, उरलेल्या पैशांत, याच्यानंतर आणखी कोण येणार आहे? हे तोंडी मोजता येत नाही, म्हणून कागद आणि पेन्सिल घेऊन बसायचं. पेन नको, आकडे दर पाच मिनिटांनी खोडावे लागतात.

कागदाच्या माथ्यावर चार आकडे लिहा: पर्स (खेळाडूंवर खर्च करायला संघाकडे असलेली रक्कम), रिकाम्या जागा, रिकाम्या परदेशी जागा आणि हातातली आरटीएम कार्डं (राइट टू मॅच, म्हणजे दुसऱ्याने बोली लावलेला आपला जुना खेळाडू त्याच रकमेत परत घेण्याचा हक्क). संघात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू, त्यात परदेशी जास्तीत जास्त ८. मैदानात उतरणाऱ्या अकरांत मात्र परदेशी चारच.

पर्सचा आकडा लिहितानाच पहिली चूक होते. खेळाडूला मिळणारी रक्कम आणि पर्समधून कापली जाणारी रक्कम एकच असेल असं नाही. २०२५च्या मोसमासाठीच्या मेगा लिलावाआधी (मेगा म्हणजे संघ जवळजवळ नव्याने बांधायचा, मिनी म्हणजे मधल्या वर्षांत रिकाम्या जागा भरायचा) प्रत्येक संघाला १२० कोटी होते आणि राखलेल्या कॅप्ड, म्हणजे देशाकडून खेळलेल्या, खेळाडूंसाठी १८, १४, ११, १८, १४ कोटी असे टप्पे ठरले होते. खेळाडूंना कमी दिलं तरी पर्समधून टप्प्यांएवढे पैसे कापले जात. कोलकात्याने सहा जणांना मिळून ५७ कोटी दिले. पण चार कॅप्डचे टप्पे ६१ आणि दोन अनकॅप्डचे ८, असे ६९ कोटी पर्समधून गेले आणि हातात ५१ उरले. मुंबईने बुमराहला १८, सूर्यकुमार आणि हार्दिकला प्रत्येकी १६.३५, रोहितला १६.३०, तिलकला ८ दिले. बेरीज बरोबर ७५, म्हणजे पाच टप्प्यांची बेरीज. पैसा वाया गेला नाही आणि लिलावाला ४५ कोटी उरले. ‘रोहितला कमी का दिले’ असं कोणी विचारलं तर ही बेरीज त्याच्यापुढे सरकवायची. सूर्यकुमारला दोन कोटी कमी दिले असते तरी पर्समध्ये एक पैसा वाढला नसता.

आता सगळ्यात उपयोगी सूत्र. उरलेल्या पर्समधून, हा खेळाडू घेतल्यावर ज्या जागा भरायच्या राहतील त्यांच्या प्रत्येकी ३० लाख वजा करा. ३० लाख ही सध्याची सर्वांत कमी मूळ किंमत. उरेल तो आकडा म्हणजे या खेळाडूवर लावता येणारी कमाल बोली. डिसेंबर २०२५च्या अबू धाबीतल्या मिनी लिलावात मुंबईकडे २.७५ कोटी आणि पाच जागा होत्या. पाचही भरायच्या तर ४ × ३० लाख = १.२० कोटी बाजूला, म्हणजे कमाल बोली १.५५ कोटी. त्यात क्विंटन डी कॉक १ कोटीत आला आणि बाकीचे चार ३०-३० लाखांत. त्याच दिवशी कॅमेरून ग्रीन कोलकात्याला २५.२० कोटींना गेला. ‘ग्रीनला परत आणायला हवं होतं’ हा वाद सूत्रापुढे एका ओळीत संपतो. पर्स एवढी रिकामी का ठेवली, हा वाद मात्र घालण्यासारखा आहे. त्याचं उत्तर ट्रेडमध्ये, म्हणजे संघांनी आपसांत केलेल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीत आहे, पुढे येतंच.

ग्रीनवरून एक कलम लक्षात ठेवा. मिनी लिलावात परदेशी खेळाडूच्या मानधनाला १८ कोटींची मर्यादा आहे. संघाच्या पर्समधून पूर्ण २५.२० गेले, ग्रीनला १८ मिळणार आणि वरचे बीसीसीआयकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी. मूळ मेगा लिलाव टाळून मिनीत उतरायचं आणि भाव खायचा, ही वाट बंद करण्यासाठी हे केलं.

यानंतर सेट. नावं एकदम येत नाहीत. आधी मोठ्या नावांचे सेट, मग फलंदाज, अष्टपैलू, यष्टिरक्षक, वेगवान, फिरकी असे गट, आणि शेवटी घाईघाईचा टप्पा. प्रत्येक जागेसाठी तीन नावं लिहा आणि नावापुढे सेट क्रमांक. तुमचा पहिला पर्याय तिसऱ्या सेटमध्ये आणि उरलेले दोघे नवव्यात असतील तर थांबता येतं. तिघंही एकाच सेटमध्ये असतील तर पहिल्याच नावावर बोली लावावी लागते, कारण दुसरा आणि तिसरा पुढच्या दहा मिनिटांत संपणार. ‘एवढे कशाला मोजले’ या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या वेळा इथे सापडतं. उरलेल्या अर्ध्या वेळा खरंच चूक झालेली असते. मेगा लिलावात कोलकात्याने ५१ कोटींच्या पर्समधून २३.७५ एकट्या वेंकटेश अय्यरवर घातले. आरटीएम शिल्लक नव्हतं, म्हणून आपल्याच माणसासाठी उघड्या बाजारात भांडावं लागलं. वर्षभराने त्याला सोडलं आणि बंगळुरूने ७ कोटींत घेतलं. निकाल लागल्यावर हसणं सोपं आहे. पण जवळजवळ निम्मी पर्स एका नावावर, ही हरकत त्या दिवशीही घेता आली असती.

आरटीएमबद्दल लोक अजून जुन्या नियमाने बोलतात. त्या मेगा लिलावात जुन्या संघाने कार्ड दाखवलं की शेवटची बोली लावणाऱ्याला आणखी एकदा, हवी तेवढी, वाढ करायची मुभा होती. मग जुन्या संघाने ती रक्कम द्यायची किंवा हात झटकायचे. ऋषभ पंतवर लखनऊची बोली २०.७५ होती, दिल्लीने कार्ड काढलं, लखनऊने थेट २७ केले आणि दिल्ली मागे सरली. अर्शदीपच्या वेळी हैदराबादने १५.७५चे १८ केले, तरी पंजाबने घेतलंच. तेव्हा ‘आपल्याकडे आरटीएम आहे, स्वस्तात येईल’ असं कोणी म्हणालं तर त्याला विचारायचं: समोरच्याने सहा कोटी वाढवले तर? मुंबईकडे एकच कार्ड होतं, तेही अनकॅप्डसाठी. ते नमन धीरवर ५.२५ कोटींत वापरलं.

जागा मोजताना फलंदाज-गोलंदाज अशी ढोबळ विभागणी करू नका. इम्पॅक्ट प्लेअरमुळे, म्हणजे सामन्यात मधेच उतरवता येणाऱ्या बाराव्या खेळाडूमुळे, चौकटी बारा काढायच्या आणि प्रत्येकीत षटकं लिहायची: १ ते ६, ७ ते १६, १७ ते २०. वानखेडेवर रात्रीच्या सामन्यात दव पडतं, सीमारेषा जवळ आहेत, आणि नवा चेंडू पहिली दोन-तीन षटकं स्विंग होतो. मेगा लिलावात मुंबईने ४५ पैकी २१.७५ कोटी बोल्ट (१२.५०) आणि दीपक चहर (९.२५) या दोघांवर घातले, दोघंही मुख्यतः नव्या चेंडूचे. ‘चहर महाग पडला’ एवढ्यावर वाद टिकत नाही. ‘नव्या चेंडूच्या दोन चौकटींत निम्मे पैसे गेले आणि बुमराहच्या जोडीला शेवटच्या षटकांत दुसरा भारतीय गोलंदाज घ्यायला पुरेसं उरलं नाही’ हे मात्र टिकतं, कारण समोरच्याला उत्तर द्यायला नाव काढून दाखवावं लागतं.

किमतीपेक्षा परदेशी जागा महाग असते, हे विसरलं जातं. इशान किशन ११.२५ कोटींना हैदराबादला गेला आणि मुंबईने रायन रिकल्टन १ कोटीत घेतला. सव्वादहा कोटी वाचले म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी कागदावर चारपैकी एक परदेशी चौकट भरा. ती आता यष्टिरक्षकाने खाल्ली. शिवाय परदेशी खेळाडू शेवटपर्यंत थांबेल का ते पाहायचं. २०२५मध्ये स्पर्धा मधेच आठवडाभर थांबली, तारखा पुढे गेल्या, आणि रिकल्टन, विल जॅक्स, कॉर्बिन बॉश हे तिघंही प्लेऑफला नव्हते. प्रत्येक परदेशी नावापुढे त्याच्या देशाचं मार्च ते जूनचं वेळापत्रक लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण वाद इथेच जिंकले जातात.

नव्या पोरांवर बोलताना सावध राहा. सय्यद मुश्ताक अली स्पर्धा टी-ट्वेंटीची आणि लिलावाच्या सुमारासच असते, म्हणून तिचं वजन सर्वाधिक. टी-ट्वेंटी मुंबई लीग आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावरचे सामने प्रत्यक्ष जाऊन बघता येतात. तिथे धावांपेक्षा वेगवान चेंडू अंगावर आला की पाय कुठे जातो ते बघा. कांगा लीग पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर होते. तिथलं शतक धीर दाखवतं, शेवटच्या षटकांतली फटकेबाजी नाही. फलंदाजाचा स्ट्राइक रेट सांगण्याआधी त्याने किती चेंडू खेळले ते सांगा. शंभर चेंडूंच्या आत असतील तर तो आकडा फक्त गप्पांपुरता.

आणि हो, विरारच्या आयुष म्हात्रेचं नाव कोणीतरी काढणारच. जेद्दात झालेल्या त्याच मेगा लिलावात त्याला कोणी घेतलं नव्हतं. पुढे ऋतुराज गायकवाड जखमी झाल्यावर चेन्नईने बदली म्हणून ३० लाखांत घेतलं आणि त्याने बंगळुरूविरुद्ध ९४ मारले. ‘मुंबईचा पोरगा चेन्नईला’ याची सल खरी आहे, पण युक्तिवाद म्हणून तोकडी: मुंबईच्या सलामीच्या चौकटीत त्या वेळी रोहित आणि रिकल्टन होते. त्याला कुठे खेळवलं असतं ते सांगता आलं तरच मुद्दा.

ट्रेडचं गणित लिलावापेक्षा सोपं आहे, तरी तिथेच जास्त गोंधळ होतो. मोसम संपल्यावर सात दिवसांनी खिडकी उघडते, लिलावाच्या सात दिवस आधी बंद होते, आणि लिलावानंतर पुन्हा उघडून पुढच्या मोसमाच्या महिनाभर आधीपर्यंत चालते. लिलावात नुकताच घेतलेला खेळाडू त्या वर्षी ट्रेड करता येत नाही. खेळाडूची संमती लागते. पर्समध्ये मोजलं जातं ते खेळाडूचं मानधन. दोन संघांत आपसांत ठरलेली हस्तांतरणाची रक्कम वेगळी. २०२३मध्ये हार्दिक गुजरातहून आला तेव्हा मुंबईच्या पर्सवर १५ कोटी चढले, आणि ते चढवता यावेत म्हणून १७.५० कोटींचा ग्रीन बंगळुरूला गेला. त्या व्यवहारावर बोलताना ‘हार्दिक हवा होता का’ एवढंच विचारू नका. ‘हार्दिक आणि अडीच कोटी, की ग्रीन’ असं विचारा.

कोणताही ट्रेड दोन्ही बाजूंनी लिहायचा. २०२५मध्ये संजू सॅमसन १८ कोटींवर चेन्नईला गेला. उलट दिशेने जडेजा आणि २.४० कोटींचा सॅम करन राजस्थानला. जडेजाचं मानधन १८ वरून १४ झालं. चेन्नईकडून २०.४० गेले आणि १८ आले, म्हणजे २.४० मोकळे. राजस्थानचे १८ गेले आणि १६.४० आले, म्हणजे १.६० मोकळे. दोघांचीही पर्स वाढली, ती जडेजाने सोडलेल्या चार कोटींमुळे. पण करनसाठी राजस्थानला परदेशी जागा लागली, आणि त्याच खिडकीत हसरंगा आणि तीक्षणा दोघांना सोडलं. म्हणजे खरा सौदा पाच नावांचा होता.

मुंबईची रिकामी पर्सही इथेच कळते. शार्दूल २ कोटी, रदरफोर्ड २.६० आणि मार्कंडे ३० लाख, असे ४.९० कोटी ट्रेडमध्ये आधीच लागले होते. अर्जुन तेंडुलकर लखनऊला गेल्याने ३० लाख परत आले. लिलावात हात बांधले गेले ते आधीच घर भरल्यामुळे. शार्दूल २ कोटींत खुल्या लिलावात मिळाला असता का, यावर भांडा. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे.

हे सगळं हाताला बसवायचं तर लिलावाच्या आदल्या रविवारी सहा जणांत खोटा लिलाव करा. प्रत्येकाला ५० कोटी, १२ जागा, परदेशी कमाल चार. ८० नावांच्या चिठ्ठ्या सेटप्रमाणे डब्यांत. ६० ठेवल्या तर शेवटी चिठ्ठ्याच पुरत नाहीत. लिलाव पुकारणारा सातवा माणूस हवा, नाहीतर तो आपल्याच बोलीवर हातोडा लवकर मारतो. दर बोलीला वीस सेकंद. हमखास बिघडतं ते एकच: पहिल्या पाच चिठ्ठ्यांत दोघं तीस-तीस कोटी उडवतात आणि मग चहा पीत बसतात. म्हणून प्रत्येक बोलीआधी वरचं सूत्र मोठ्याने म्हणायला लावा. कमाल बोली ओलांडली तर बोली रद्द आणि वडापाव त्याच्याकडून. कागद मात्र जपून ठेवा, मे महिन्यात लागतो.