पन्नाशीनंतर एमटीबी रेस करायचीये? मग किलोमीटर वाढवू नका

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी भेटणारे पन्नाशीपुढचे सायकलवाले हल्ली एकच विचारतात, सर मला पण एमटीबीची, म्हणजे माउंटन बाइकची, रेस करायचीये, आठवड्याचे किलोमीटर किती वाढवू? मी म्हणतो वाढवू नका. पहिली क्रॉसकंट्री रेस (कच्च्या वाटांवर चढ-उताराच्या फेऱ्या मारायची) मी ५१व्या वर्षी केली, आता ५७ चालू आहे, आणि या सहा वर्षांत माझा जो काही वेळ कमी झाला तो चढावर नाही झाला, उतार शिकल्यामुळे आणि नीट आराम केल्यामुळे झाला.

वयाचं दडपण घेऊ नका. नेड ओव्हरएंड हा अमेरिकन रायडर १९९० साली ड्युरँगोला पहिल्या अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये क्रॉसकंट्री जिंकला तेव्हाच ३५ वर्षांचा होता, आणि २०१५ मध्ये ५९व्या वर्षी त्याने अमेरिकेची फॅट बाइकची (खूप जाड टायरच्या सायकलची) राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तीही वयोगटात नाही, सगळ्या तरुण पोरांना मागे टाकून.

पण आधी डॉक्टर. हे टाळायचं नाही. आपल्याकडे हार्टचा त्रास लवकर सुरू होतो, आणि एमटीबी रेसमध्ये पहिल्या दोन मिनिटांतच हार्ट रेट आभाळाला भिडतो, त्यामुळे ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, बीपी, लिपिड सगळं करून घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी फिरायला जात नाहीये, रेस करतोय. बीपीची गोळी चालू असेल तर कुठल्या प्रकारची आहे तेही विचारा, कारण बीटा ब्लॉकर असेल तर हार्ट रेट फारसा वर चढत नाही, मग घड्याळातले झोन बघण्यात काही अर्थ नाही, धाप किती लागतेय त्यावरच चालायचं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर पडल्यावर काय होऊ शकतं हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ट्रेलवर जाऊच नका.

ट्रेनिंगचं म्हणाल तर मला आठवड्याला सहा-सात तास पुरतात. त्यात जोर लावायचे दिवस दोनच, आणि त्या दोन दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर, मला तर आता ७२ लागतात. एक दिवस बोपदेव घाटात चार-चार मिनिटांचे चार जोर, मध्ये तीन मिनिटं एकदम हळू. जोर म्हणजे मॅक्स हार्ट रेटच्या ९० टक्क्यांच्या आसपास. मॅक्ससाठी २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं पण आपल्या वयाला ते बरेचदा कमी आकडा देतं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे जास्त जवळ जातं, म्हणजे माझं १६३ ऐवजी १६८ येतं. दुसरा जोराचा दिवस ट्रेलवर, त्याबद्दल पुढे सांगतो. बाकी सगळं इतकं सावकाश की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. तरुण मुलं तीन आठवडे जोरात आणि चौथा हलका असं करतात, आपण दोन जोरात आणि तिसरा हलका ठेवायचा, आणि त्या हलक्या आठवड्यात खरंच हलकं राहायचं, पाय मोकळे वाटतायत म्हणून लगेच सिंहगडाला जायचं नाही.

वजनं उचला. सायकलिंगमध्ये हाडांना धक्का बसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडं विरळ असू शकतात आणि आपला खेळ तर पडायचा आहे. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुशअप, रोइंग. जेवणात प्रोटीन वाढवा, किलोला दीड ग्रॅमच्या आसपास धरा (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून), म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज शंभरेक ग्रॅम. वरणभातात ते होत नाही, पनीर, दही, अंडी, सोयाबीन, मोडाची कडधान्यं असं दर जेवणात थोडं थोडं लागतं.

आता उतार. चढावर दम आणून मिळवलेले वीस सेकंद एका घाबरलेल्या उतारावर जातात, आणि वर ब्रेक घट्ट धरून हात इतके भरून येतात की पुढचा चढही बिघडतो. आपल्याकडचा ट्रेल म्हणजे कडक जमीन आणि तिच्यावर पसरलेला बारीक मुरूम, अक्षरशः गोट्यांवर चालवल्यासारखं, तिथे वळणात ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटलंच. माझं कॉलर बोन असंच मोडलं, तीन महिने घरी. तेव्हापासून एकच सवय लावून घेतली, ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, वळणात सोडायचा. सीट खाली, टाचा खाली, कोपर बाहेर, ब्रेकवर एकच बोट, आणि नजर पुढच्या चाकावर नाही तर दहा-बारा मीटर पुढे. ड्रॉपर पोस्ट (हँडलवरच्या बटणाने सीट खालीवर करणारी दांडी) घेता आली तर हलक्या चाकांच्या आधी ती घ्या, आपल्या वयाला सगळ्यात जास्त उपयोगी खर्च तोच आहे असं माझं पक्कं मत आहे. आणि सराव कसा, तर एकच अवघड तुकडा निवडायचा, पन्नास मीटरचा, तो दहा वेळा उतरायचा, आधी चालत जाऊन दगड बघायचे. हाच तो दुसरा जोराचा दिवस. टेकडीवर हे सगळं सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावरच करा, आजी-आजोबांच्या अंगावर सायकल घालून कुणी रेसर होत नाही, आणि पावसाळ्यात चिखल असताना तर जाऊच नका, पायवाटेला चरे पडतात.

डोळ्यांचं कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. चाळिशीचा प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून ट्रेलवर जात असाल तर त्याचा खालचा भाग वाचायचा असतो, त्यातून जमीन धूसर दिसते आणि दगड कुठे संपतो तेच कळत नाही. फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. शिवाय उन्हातून झाडीच्या सावलीत शिरल्यावर डोळ्यांना आता जास्त वेळ लागतो, म्हणून गडद काळी काच नको, फिकट रंगाची घ्या.

टायर ट्यूबलेसच हवेत, बाभळीच्या काट्यांपुढे ट्यूब टिकत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) दोन-तीन महिन्यांत वाळून जातं, रेसच्या आधी चाक हलवून आवाज ऐका. माझं वजन ७० किलो, २९ इंची चाक, सव्वादोन इंची टायर, हवा पुढे २० आणि मागे २२ पीएसआय. रोडवरून आलेले लोक ३५-४० भरून येतात आणि प्रत्येक दगडावर उडतात.

फॉर्म भरताना मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाचा गट, कितीपासून आहे ते बघा, कुठे ३५ तर कुठे ४५, सगळीकडे सारखं नसतं. यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) नियमात वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरतात, म्हणजे डिसेंबरात ५० पूर्ण होणारा माणूस जानेवारीपासूनच ५० च्या गटात. आणि क्रॉसकंट्रीत ८० टक्के नियम असतो, सगळ्यात पुढच्या माणसाच्या पहिल्या लॅपच्या वेळेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त मागे पडलात तर रेसमधून काढून घेतात. लोकल रेसला तो लावणारेत का हे आधीच विचारून घ्या, म्हणजे मध्येच शिट्टी वाजली की वाईट वाटत नाही.

आदल्या दिवशी कोर्सवर दोन लॅप हळू मारा, अवघड जागी उतरून बघा, आणि जिथे भीती वाटते तिथे उद्या उतरून पळायचं हे आजच ठरवून टाका. पळत गेल्याने पाच सेकंद जातात, पडल्याने सीझन जातो. आदल्या दिवशी चतुर्थी आली तर घरच्यांशी बोलून उपवास पुढेमागे करा, रिकाम्या पोटी रेस होत नाही. सकाळी तीन तास आधी पोहे, तेल, मिरची, शेंगदाणे कमी. वय वाढलं की तहान उशिरा कळते, म्हणून घड्याळ बघून प्या, पाण्यात ओआरएस टाका, दीड तासाच्या वर रेस असेल तर दर अर्ध्या तासाला दोन-तीन खजूर किंवा अर्धं केळं.

वॉर्मअप चांगला अर्धा तास हवा, शेवटी दोन-तीन छोटे जोर. आपलं इंजिन तापायला वेळ लागतो. स्टार्टला पोरं सुसाट सुटतात, सुटू दे, पण सिंगल ट्रॅक (एकाच सायकलपुरती अरुंद वाट) जवळ असेल तर पहिलं मिनिट तेवढं जोर लावून मध्यापर्यंत जागा घ्या, नाहीतर आत गेल्यावर मागेच अडकाल. मग श्वास जागेवर आणा. पहिल्या लॅपला हातचं राखून चालवलं की तिसऱ्या लॅपला माणसं आपोआप सापडायला लागतात. मागून कुणी लॅप करायला आलं तर रुंद जागा बघून बाजूला व्हा आणि कुठल्या बाजूने जायचं ते ओरडून सांगा.

पडलात तर लगेच सायकलवर बसू नका. आधी दोन्ही खांदे फिरवून बघा, मग हँडल सरळ आहे का, ब्रेक लागतायत का, डिस्क घासतेय का. डोकं आपटलं असेल तर कितीही बरं वाटत असलं तरी रेस तिथेच संपली, मार्शलला सांगा, डॉक्टरला दाखवा, आणि ते हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी परत वापरू नका, कुणाला देऊही नका.