जुन्या रिव्हॉल्व्हरचं टायमिंग : कोल्हापुरात हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

आयटीआयला फिटर ट्रेड केलेली पोरं अधूनमधून विचारतात, शस्त्रदुरुस्तीत यायचं तर आधी काय शिकावं? मी इथल्याच एका परवानाधारक दुकानात मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठला पार्ट झिजलाय ते ओळखायला शिका, बदलणं नंतर येतं.

त्याआधी कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, आणि ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. उद्यमनगरात लेथवर काय वाटेल ते बनवून देणारे हात आहेत. पण रिव्हॉल्व्हरचा बोटभर तुकडाही तिकडं न्यायचा नाही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा परवाना बघायचा, शस्त्रावरचा नंबर पडताळायचा, रजिस्टरला नोंद करायची. हे झाल्याशिवाय मिस्त्री स्क्रूड्रायव्हरला हात लावू देत नसत, आणि ते बरोबरच होतं.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडं येणारी बरीच जुनी रिव्हॉल्व्हरं ३२ बोअरची असतात. तक्रार साधारण सारखीच : ‘कधी कधी गोळी उडत नाही’, नाहीतर ‘उडाली की बाजूनं काहीतरी अंगावर येतं’. दुसरी तक्रार ऐकली की माझा पहिला संशय टायमिंगवर जातो. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, मागे येताना आतला हँड (सिलिंडर फिरवणारी छोटी पट्टी) सिलिंडरच्या मागच्या दात्याला वर ढकलतो, सिलिंडर एक घर, म्हणजे काडतुसाचं एक भोक, फिरतं, आणि खालून स्टॉप (सिलिंडर अडवणारा खटका) येऊन खाचेत बसतो. घोडा पडण्याआधी हे पूर्ण व्हायला हवं, यालाच टायमिंग म्हणतात. हँडचं टोक झिजलं की सिलिंडर थोडं अलीकडंच थांबतं. मग घर बॅरलच्या रेषेत येत नाही, गोळीचं शिसं बॅरलच्या तोंडावर खरवडलं जातं आणि त्याचे कण बाजूनं उडतात. गिऱ्हाइकाकडं वापरलेल्या पुंगळ्या असतील तर मागून घ्या. पिनेचा ठसा टोपीच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या गोल टिकलीच्या, मधोमध नसेल, तर निम्मं निदान तिथंच झालं.

तपासताना शस्त्र रिकामं आहे हे स्वतः बघायचं, मग शेजारच्याला दाखवायचं. सहाही घरांत डमी काडतुसं घाला. बाहेर उघडणाऱ्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घरं रिकामी ठेवली, तर मागची चांदणी (पुंगळ्या बाहेर ढकलणारा, दाते असलेला भाग) जराशी हलते आणि चांगलं टायमिंगही खराब दिसतं. मग सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकला तरी स्टॉपचा ‘टक्’ आला नसेल, तर ते घर मागे पडतंय. जोरात चाप ओढला की सिलिंडर स्वतःच्या वेगानं पुढं जाऊन खाचेत बसतं आणि दोष झाकला जातो. म्हणून मालक शपथेवर सांगतो, ‘माझं व्यवस्थित चालतंय.’ तो खोटं बोलत नसतो.

नवा माणूस एक घर चुकलेलं बघतो आणि लगेच हँड काढायला धावतो. आमचे मिस्त्री म्हणायचे, ‘घाई कशाला करायलास? सहाच्या सहा घरं बघ आधी.’ त्याचं कारण पक्कं आहे. सहाही घरं मागे पडत असतील तर हँड आखूड झालाय, नाहीतर त्याची स्प्रिंग मेलीय. एखादंच घर मागे पडत असेल तर त्या घराचा दाता झिजलाय. सिलिंडर थांबल्यावर डावी-उजवीकडं डुलत असेल तर स्टॉप किंवा त्याच्या खाचा बघा. पुढं-मागं हलत असेल तर तो दोष वेगळाच. तिथं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. सिलिंडर आणि बॅरलमधली फट साधारण ०.००४ ते ०.००८ इंच, म्हणजे चार ते आठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असते. सिलिंडर मागे ढकलून आणि पुढं ढकलून, दोन्ही मापं लिहून ठेवा.

यातलं काहीही ठरवण्याआधी मात्र धुऊन घ्या. निवडणुकीत जमा केलेली शस्त्रं परत आली की आमच्याकडं काम वाढतं. बंद पडून राहिलेल्या शस्त्रात जुनं तेल गोंदासारखं घट्ट होतं, वर आपला पावसाळा. हँड त्या चिकट्यात अडकतो आणि अगदी झिजल्यासारखा वागतो. नुसत्या साफसफाईनं बरी झालेली रिव्हॉल्व्हरं मी बरीच पाहिलीत.

हँड खरंच बदलायचा असेल तर नवा पार्ट थोडा मोठा घेऊन बसवतात. सर्वांत मागे पडणाऱ्या घराला तो जुळवायचा. मग बाकीची घरं घट्ट लागली तर त्यांचे दाते ऑइलस्टोननं अगदी हलके घासायचे. कानस नाही. दोन हात मारायचे, जोडायचं, पुन्हा सहाही घरं बघायची. कंटाळा येणाऱ्यानं या कामात येऊ नये, हे मी तोंडावर सांगतो. जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरचा पार्ट मिळाला नाही, तर मालकाला स्पष्ट सांगा की हे आता वापरू नका, आणि तसंच रजिस्टरमध्ये लिहा.

पोटापाण्याचं विचाराल तर दुकानं थोडी आहेत आणि एकट्या रिव्हॉल्व्हरवर घर चालत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळं कोल्हापुरात नेमबाजीकडं वळणारी पोरं दिसतात. त्यांच्या एअर रायफल, एअर पिस्तुलांची सील आणि स्प्रिंगची कामंही शिकून घ्या. आणि दुकानात पहिल्या दिवशी जाल तेव्हा मायक्रोमीटर वाचता येत असू द्या. मालक आधी तेच हातात देतो.