फोर्ट लॅरामीचा इतिहास वाचायला घेताय? मग असं करा

गोव्यात किल्ला म्हटला की आपल्याला आग्वाद नाहीतर तेरेखोल आठवतो, चिऱ्याची जाड भिंत, बुरूज, खाली पाणी. अमेरिकेच्या मैदानातला लष्करी फोर्ट वाचताना हे चित्र आधी बाजूला ठेवा. वायोमिंगमधल्या फोर्ट लॅरामीला लष्कराने चहूबाजूंनी तट कधी घातलाच नाही, मोकळ्यावर बराकी, ऑफिसरांची घरं, कोठारं आणि मधे परेड ग्राउंड, झालं. सिनेमातला लाकडी कोट शोधत बसाल तर फुकट वेळ जाईल.

मी तर म्हणेन मालक कोण इथून सुरू करा. १८३४ मध्ये फरच्या व्यापाऱ्यांनी लाकडी ठाणं बांधलं, फोर्ट विल्यम, मग १८४१ च्या सुमारास त्याच्या जागी कच्च्या विटांचं फोर्ट जॉन आलं आणि १८४९ मध्ये लष्कराने ते ४,००० डॉलरला विकत घेतलं, कारण ओरेगॉन-कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या वाटसरूंच्या गाड्यांचा रस्ता इथूनच जायचा. म्हणजे लढून जिंकलेला किल्ला नव्हेच हा, खरेदीखत आहे! १८९० ला लष्कर निघून गेलं आणि इमारती लिलावात गेल्या.

आता नकाशा घ्या आणि अमेरिकन सरकारने तिथल्या मूळ रहिवाशांशी केलेले १८५१ व १८६८ चे दोन करार त्यावर पेन्सिलीने काढा. हे टाळू नका, सगळा जीव इथेच आहे. १८५१ च्या करारात वाटसरूंना रस्ता द्यायचा, बदल्यात दरवर्षी माल मिळायचा असं ठरलं. तीनच वर्षांत एका वाटसरूची गाय लाकोटांच्या (मूळ रहिवाशांतल्या सू लोकांची एक शाखा) तळावर मारली गेली, भरपाई द्यायला ते तयार होते तरी लेफ्टनंट ग्रॅटन तोफा घेऊन गेला, गोळीबार झाला, लाकोटांचा प्रमुख जखमी होऊन पुढे वारला, ग्रॅटन आणि त्याचे २९ सैनिक मेले. १८६८ च्या करारात ब्लॅक हिल्स हे डोंगर लाकोटांकडे राहिले, १८७४ ला तिथे सोनं सापडलं, पुढचं तुम्हीच ओळखा: सरकारने ते काढून घेतले.

दंतकथा आली की तारखा लावून तपासा. एक आपल्याला जवळची वाटेल: डिसेंबर १८६६ मध्ये फोर्ट फिल कर्नी या दुसऱ्या लष्करी ठाण्याजवळ कॅप्टन फेटरमनची सगळी तुकडी मारली गेल्यावर मदत मागायला 'पोर्तुगी' फिलिप्स बर्फातून घोड्यावर निघाला आणि नाताळच्या रात्री लॅरामीला पोचला, ऑफिसरांचा नाच चालू असताना. हा माणूस अझोर्स बेटांवरचा, म्हणजे खरोखरच पोर्तुगीज. गोष्टीत तो एकटा असतो, पण वाटेत त्याच्यासोबत आणखी माणसं होती आणि हॉर्सशू स्टेशनवरून तारही आधीच केली होती. दौड मात्र खरी, ती कमी होत नाही.

घरबसल्या काय बघायचं? अमेरिकन नॅशनल पार्क सर्व्हिसची फोर्टवरची पानं फुकट आहेत. १८६८ च्या कराराच्या वेळचे अलेक्झांडर गार्डनरचे फोटोही नेटवर मिळतात, त्यात कोण खुर्चीवर आणि कोण जमिनीवर बसलंय ते नीट बघा. पुस्तकं हवी असतील तर पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघा.

आणि १८९० ला थांबू नका. ब्लॅक हिल्सच्या केसचा १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात निकाल लागला, व्याजासकट दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मंजूर झाली, पण सू लोकांनी ती घेतली नाही, त्यांना जमीन हवी आहे.