ब्रिटिश स्पीडवेत उतरायचंय? आधी कागद बघा

लालबागच्या आमच्या गॅरेजवरची पोरं विचारतात, "मामा, ब्रिटनच्या स्पीडवे लीगमध्ये आपल्याला घेतील का?" स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून दार बंद होत नाही. गाडी अडते ती पुढे.

पहिलं म्हणजे क्लब गाठा. तुम्हाला बोलावणाऱ्या क्लबकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी खेळाडू बोलावण्याचा सरकारी परवाना हवा. शिवाय तिथला हा खेळ चालवणाऱ्या स्पीडवे कंट्रोल ब्युरोची शिफारस लागते आणि ती वरच्या दर्जाच्या रायडरलाच मिळते. मोटोक्रॉसचे दोन कप दाखवून भागत नाही, बाबांनो. इथे मेथॅनॉलवर पळणारी, 500 सीसीची, बिनब्रेकची गाडी आडवी घालून वळण काढायचं असतं.

हे जमलं की इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा. क्लबकडून स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून 3 महिन्यांत अर्ज करा. मुक्काम 6 महिन्यांवर असेल तर टीबीची तपासणी. ती मान्यताप्राप्त दवाखान्यातच करा, नाक्यावरचा एक्स-रे चालत नाही. 12 महिन्यांच्या वर इंग्रजीही सिद्ध करावं लागतं. टुरिस्ट व्हिसावर जाऊन लीग खेळायचा शहाणपणा नको. 2021 पासून नव्याने येणारे पोलिश, डॅनिश रायडरही व्हिसाच्या रांगेत आहेत.

आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील तर मात्र चांदी. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे अँसेस्ट्री व्हिसा मागता येतो, त्याला ब्युरोची शिफारस लागत नाही. भायखळ्याच्या अँग्लो-इंडियन घरांनी जुने जन्मदाखले जरूर धुंडाळावेत. पुढेमागे ब्रिटिश पासपोर्ट घेतलात तर भारतीय नागरिकत्व सुटतं, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या.